पेंटरकाकांचा बैल

मेहकरात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत मला दुकानाला गाळा मिळाला तो एकाच अटीवर. पाटी घरमालक लिहिणार, फ्लेक्स लावायचा नाही. मी म्हटलं, नाही लावत, त्यात काय एवढं. म्हातारा हौशी दिसतोय, दोन दिवसांत लिहून मोकळा होईल. एकवीस दिवस लागले. तेवढे दिवस माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान बिनपाटीचं होतं आणि लोक आत डोकावून, पिठाची गिरणी कुठं गेली म्हणून विचारायचे.

घरमालक म्हणजे पेंटरकाका. अख्खं गाव त्यांना पेंटर म्हणूनच ओळखायचं. सत्तरीला टेकलेला, किडकिडीत, ताठ माणूस. रोज सकाळी ते समोरच्या ओट्यावर येऊन बसायचे आणि माझ्या दुकानाच्या कपाळाकडं बघत राहायचे. हातात ब्रश नाही, शेजारी रंगाचा डबा नाही. आठव्या दिवशी माझं डोकं फिरलं. बाहेर येऊन जरा चढ्या आवाजातच विचारलं, की काका, लिहायचं मनावर घेताय की नाही? तर म्हणाले, ऊन पाहून राह्यलो. सकाळचं ऊन कुठं पडतं, दुपारी पत्र्याची सावली कुठवर उतरते, हे बघितल्याशिवाय त्यांचा हात चालत नसे. आता बोला. पण पाटी लिहिली ती अशी, की भर दुपारी डोळे बारीक करून रस्त्यानं जाणाऱ्यालाही सरळ वाचता येते. शेजाऱ्यांचे फ्लेक्स दर पावसाळ्यात फाटले. ती पाटी अजून आहे.

चाळीस वर्षं या माणसानं भिंती लिहिल्या. 'रंगवल्या' म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. घर रंगवतात, भिंत लिहितात. मोटरपंप, सिमेंट, खत, बियाणं, दंतमंजन, ज्या कंपनीचं काम येईल ते. एसटीच्या टपावर शिडी टाकून इकडं देऊळगाव राजा आणि तिकडं पार मोताळ्यापर्यंत जायचे. कंडक्टर लोक शिडीसकट ओळखायचे. कपडे पांढरे, पायजमा पांढरा, सदरा पांढरा, आणि त्यावर एक ठिपका सापडेल तर शपथ. मी एकदा विचारलं, काका, तुम्ही खरंच रंगकाम करायचे का? त्यावर म्हणाले, ज्याच्या आंगावर रंग दिसते त्यानं भिंतीवर कमी लावला असं समजायचं.

कोणाच्या भिंतीवर लिहायचं तर कंपनीचा माणूस घरमालकाची परवानगी आणून द्यायचा. तेवढ्यावर काकांचं भागत नसे. ते घरातल्या बाईला बाहेर बोलवायचे आणि तिला विचारायचे. त्यांचं म्हणणं, भिंत कागदावर माणसाची असते, पण दिवसभर तिच्याकडं बघायचं असतं ते बाईला. बाई नाही म्हणाली तर शिडी उचलून पुढच्या गावाला. एका बाईनं सांगितलं, लिहा, पण भिंतीवर गवऱ्या थापल्यात, त्या वाळू द्या. काका दोन दिवस त्या गावात मुक्कामाला राहिले. कंपनीच्या माणसानं कपाळावर हात मारून घेतला असेल.

निवडणुकीत सगळ्याच पक्षांचं लिहायचे, पण एका अटीवर: निकाल लागला की पुसणार तेच. दुसरा कोणी पुसायला गेला तर हात आवरता घेतो, आणि मग पुढची पाच वर्षं भिंतीवर अर्धंच नाव राहतं. जिंकलेला असो की पडलेला, कोणाचंही नाव असं अर्धवट ठेवू नये, असं त्यांना फार मनापासून वाटायचं. पडलेल्या उमेदवारांची नावं तर ते जास्त काळजीनं पुसायचे म्हणे.

आता बैलाचं सांगतो, कारण सगळं रामायण तिथून पुढं आहे.

बियाण्याच्या एका कंपनीची छाप बैलाची होती. कंपनीनं नमुन्याचा कागद पाठवला, त्यात बैलाची शिंगं मागं पडलेली, मानेवर टेकलेली. काकांनी तो कागद बघितला आणि म्हणाले, हे शहरातल्या कोण्या बाबानं काढलं हाय, यानं बैलाले म्हशीची शिंगं लावून ठेवली. कागद गुंडाळून त्यांनी पिशवीत घातला आणि भिंतीवर स्वतःच्या मनानं शिंगं वर उचलली. बाकी सगळं नमुन्यासारखं. तपासणीला आलेल्या साहेबाच्या लक्षात आलं नाही. पुढं वर्षानुवर्षं कोणाच्याच आलं नाही. उलट आमच्या भागातल्या शेतकऱ्यांना भिंतीवरचाच बैल खरा वाटायला लागला. एकानं तर पिशवीवरची कंपनीची छाप बघून दुकानदाराला, हा माल डुप्लिकेट दिसते, असं सुनावलं होतं. हे सांगताना काकांना हसू आवरत नसे.

मी एकदा मध्येच शहाणपणा केला. म्हटलं, काका, कंपनी नमुना देते, तो उतरवून द्यायचं तुमचं काम. चूक असेल तर त्यांची. झालं. दोन दिवस त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी दुकानाच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, "शेतकरी रोज बैल पाहते. त्याच्याच गोठ्याच्या भितीवर मी चुकीचा बैल काढला, तं त्याले काय तोंड दाखवू?" एवढं बोलून निघून गेले. मी परत तो विषय काढला नाही.

आणखी एक गोष्ट त्यांच्या तोंडून बऱ्याचदा ऐकलीय. मोताळ्याकडं कामाला गेले असताना ते रोहिणखेडला उतरले, भिंत पंपाची होती. तिथली जुनी मशीद बघायला म्हणून पाच मिनिटं गेले आणि दिवस तिथंच गेला. दगडात कोरलेली अक्षरं बघत बसले. वाचता तर येत नव्हतं. पण म्हणायचे, कोरणाऱ्याचा हात कुठी थांबला, कुठी त्यानं श्वास घेतला, ते दिसते. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं, की हे कोरणाऱ्याचं नाव काय? तो म्हणाला, बांधून घेणाऱ्याचं सांगतात, कोरणाऱ्याचं काही मला माहीत नाही बाबा.  मग काका म्हणायचे, आपलंबी तसंच. इतक्या भिती लिवल्या, माहं नाव एकाबी भितीवर नाई.

ते खरंच होतं. कंपन्या पेंटरला नाव घालू देत नसत. आणि फ्लेक्स आल्यापासून भिंतीही जायला लागल्या होत्या. काही पडल्या, काहींवर टाइल्स लागल्या, काहींवर नवा रंग. पण काकूंच्या लोखंडी पेटीत फोटो होते. भिंत लिहून झाली की कंपनीला पुरावा म्हणून फोटो पाठवावा लागायचा, आणि काका दर वेळी एक प्रत स्वतःला जास्तीची काढून घ्यायचे. मागं गावाचं नाव आणि भिंत ज्या घरची त्या बाईचं नाव. पेटी भरून फोटो. काकूंनी आधार कार्ड शोधायला ती पेटी माझ्या दुकानात आणून उघडली, म्हणून मला कळलं.

वेबसाइटची कल्पना माझी. काकांनी आधी हसण्यावारी नेली. मग विचारलं, त्याच्यावर नाव राहीन का माहं? मी म्हटलं, सगळ्यात वर, आणि वेबसाइटचा पत्ताही तुमच्याच नावाचा घेऊ.  नाव मात्र मी स्वतः लिवून देईन म्हणाले. आणि तिथं गाडी अडली. हजारो दुकानांची, पुढाऱ्यांची, कंपन्यांची नावं डोळे मिटून लिहिणाऱ्या माणसाला स्वतःचं नाव लिहिता येईना. कधी अक्षरं ऐसपैस व्हायची, कधी अंग चोरून बसायची. चार दिवस कागद फाडत होते. शेवटी लाल अक्षरं आणि त्याला काळी सावली, असं एक नाव त्यांनी माझ्यासमोर ठेवलं आणि निकालाला आलेल्या पोरासारखे उभे राहिले. मी स्कॅन केलं. पडद्यावर नाव आलं तेव्हा काकूंना हाक मारून बोलावून घेतलं त्यांनी.

आता माझं पाप सांगतो. मला काही वेबसाइट बनवण्याचं शिक्षण नाही. सातबारा काढणं, पीकविम्याचे फॉर्म भरणं हा माझा धंदा. दुकानदारांसाठी फुकटात तयार साचा मिळतो, तो मी घेतला आणि मालाच्या फोटोंच्या जागी काकांच्या भिंतींचे फोटो टाकले. त्या साच्यात प्रत्येक फोटोखाली 'ऑर्डर करा' असं बटण होतं. ते काढायचा मी प्रयत्न केला, निघालं नाही. म्हटलं, मरू दे, कोण दाबतंय. खाली फोन नंबर माझ्या दुकानाचा. काकांना आवडतो म्हणून पहिला फोटो बियाण्याच्या बैलाचा. काही दिवसांनी हिंगोलीकडच्या कोणा शेतकऱ्यानं खरंच बटण दाबून सोयाबीनच्या दोन बॅगा मागवल्या. मला हसू आलं. ती ऑर्डर मी पुसून टाकली आणि विसरून गेलो. तेव्हाच शहाणा झालो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

पुढच्या वर्षी पेरण्या उरकल्या, आणि बऱ्याच जणांचं सोयाबीन उगवलंच नाही. बोगस बियाण्याची बोंब झाली. कंपन्यांची छाप वापरून ऑनलाइन बोगस माल विकणाऱ्यांवर सरकारनं हात टाकला आणि एका आदेशात ढीगभर वेबसाइट ताब्यात घेतल्या. मी सकाळी कॉम्प्युटर लावला, तर काकांच्या नावाच्या जागी सरकारी मुद्रा आणि खाली इंग्रजीत मजकूर, की स्वामित्व हक्काचा आणि व्यापारचिन्हाचा भंग झाल्यावरून हे संकेतस्थळ शासनानं ताब्यात घेतलं आहे.  वाटलं, काहीतरी घोटाळा आहे, संध्याकाळपर्यंत येईल परत.

दोन दिवसांनी पेपरात तालुक्याच्या पानावर बोगस बियाण्याच्या वेबसाइटांची यादी आली. पत्ताच काकांच्या नावाचा, त्यामुळं नाव यादीत. कृषी केंद्राचा मालक, ज्याच्या दुकानाची पाटी काकांनी लिहिली होती, तो चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर म्हणाला, काका, बियाणं कधीपासून विकाले लागले? चेष्टेतच म्हणाला. लोक हसले. काकाही हसले. पण दुसऱ्या दिवशी शेजारच्या खेड्यातला एक शेतकरी घरी आला, तो हसला नाही. त्याचं तीन एकर सोयाबीन बसलं होतं. तो ओट्याखाली उभा राहिला आणि नीट, आदबीनं विचारलं, की काका, माझ्या बॅगा तुमच्याकडून आलेल्या तर नव्हत्या ना? काकूंनी त्याला पाणी दिलं. त्यानं ते घेतलं नाही.

त्याच दिवशी दुपारी काका माझ्याकडं आले. मला इमेलवर नोटीस आली होती, ती वाचून दाखव म्हणाले. नोटिशीत मुद्दे दोन होते. पहिला, कंपनीचं चिन्ह फेरफार करून वापरलं आहे, शिंगांची ठेवण मूळ चिन्हापेक्षा वेगळी आहे, आणि बनावट मालावर असे फेरफार नेहमी आढळतात. दुसरा, प्रत्येक चित्राखाली विक्रीसाठी मागणी नोंदवण्याची सोय आहे. मी पहिला मुद्दा वाचला. मराठीत समजावून सांगितला. आणि नोटीस बंद केली.

का? घाबरलो होतो म्हणून. समोर हा माणूस बसलेला, आणि तो माझ्यावर विश्वास ठेवून कान देऊन ऐकतोय. पहिला मुद्दा काही खोटा नव्हता, तो लिहिलेलाच होता. मी खोटं बोललो नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली, आणि ती समजूत दहा-बारा दिवस पुरली.

काकांनी एकच विचारलं, शिंगाईमुळं? मी मान हलवली. ते उठले, पायरीवर जरा थांबले आणि गेले. त्यानंतर सकाळी ओट्यावर बसणं बंद. बाजारात जाणं बंद. काकू म्हणायच्या, जेवतात, झोपतात, पण बोलत नाहीत. मी रोज ठरवायचो, आज सांगू. गिऱ्हाईक यायचं, फॉर्म भरायचा, दिवस जायचा. सुनावणीची तारीख आली होती, तेव्हा बघू, असंही मनात यायचं. माणूस स्वतःला किती सवलती देतो, काही विचारू नका.

मग एका सकाळी काकू दुकानात आल्या. म्हणाल्या, "भाऊ, हे शिडी घिऊन गेले. पिवळ्या रंगाचा डबा नेला सोबत. कुठी जाऊन राह्यले, तं काही सांगतलं नाई." माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बैलाची एकच भिंत शिल्लक होती, देऊळगाव राजाच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात, गोठ्याची. तिची पार्श्वभूमी पिवळी. मी शटर ओढलं आणि मोटरसायकल काढली.

पोचलो तेव्हा काका शिडीवर होते. पाठ माझ्याकडं. खाली गोठ्याची मालकीण पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती आणि काय चाललंय ते तिला कळत नव्हतं. काकांनी डाव्या शिंगावर पिवळा रंग मारून ते झाकलं होतं आणि त्या जागी नवं शिंग काढलं होतं, मागं पडलेलं, मानेवर टेकलेलं, अगदी कंपनीच्या नमुन्यासारखं. नमुन्याचा तो जुना कागद शिडीच्या पायरीला दोरीनं बांधला होता. इतकी वर्षं जपून ठेवला होता पठ्ठ्यानं. बैलाचं एक शिंग वर, एक मागं. मला ते बघवेना.

मी खालूनच बोलायला लागलो. काका, बैलामुळं नाही झालं, माझ्यामुळं झालं. मग सगळं सांगितलं. बटण, हिंगोलीची ऑर्डर, नोटिशीतला दुसरा मुद्दा, मी तो का वाचला नाही ते.  ते वळले नाहीत. ब्रश हातात तसाच.

"ते बटन तुले दिसत होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो, काका."

"आन मी इकडं बैल बिघडवून राह्यलो."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. एका कानाखाली ठेवून दिली असती तरी चाललं असतं. त्यांनी हात खाली केला आणि टर्पेंटाइनची बाटली मागितली. फडकं भिजवून ओला रंग हळूहळू पुसला. खाली जुना रंग पक्का बसलेला होता, त्याला काही झालं नव्हतं. पिवळं निघत गेलं तसं आधीचं शिंग बाहेर आलं. पुसताना पांढऱ्या सदऱ्यावर पिवळा ओघळ आला. त्यांनी तो बघितला आणि तसाच राहू दिला. मग खाली उतरले, त्या बाईची माफी मागितली, तुह्या भितीले उगीच हात लावला म्हणाले, आणि शिडी उचलून एसटीच्या थांब्याकडं चालायला लागले. मी शिडी मागितली, दिली नाही. मी मेहकरपर्यंत बसच्या मागं मागं मोटरसायकल चालवत आलो.

सुनावणी झाली ती माझ्याच दुकानात, कॉम्प्युटरवर. तिकडं मुंबईला अधिकारी बाई होत्या आणि कंपनीचा वकील. मी आधीच लेखी दिलं होतं, की वेबसाइट मी बनवली, बटण माझ्या अज्ञानानं राहिलं, ऑर्डर आली तेव्हा मला कळलं होतं आणि तरी मी काही केलं नाही, या माणसाचा त्यात काही संबंध नाही. फोटोंच्या मागची बाजू स्कॅन करून पाठवली होती, गावाच्या आणि बायांच्या नावांसकट. अधिकारी बाईंनी ती नावं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि चार-पाच वाचून थांबल्या. वकील काकांना म्हणाला, चिन्हात बदल करायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? काका खुर्चीत पुढं सरकले.

"कोनी नाई दिला, साहेब. पन चुकीचा बैल काढाचा अधिकार तरी कोनाले हाय?"

वकिलानं काहीतरी कायदा सांगितला. अधिकारी बाईंनी तो ऐकून घेतला. निकाल लेखी आला: विक्रीचा हेतू दिसत नाही, संकेतस्थळ परत करावं, बटणं काढावीत आणि बैलाच्या चित्राखाली 'हे कंपनीचं अधिकृत चिन्ह नाही' असं लिहावं. मी ते काकांना वाचून दाखवलं, या वेळी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, खालच्या शिक्क्यासकट. ते म्हणाले, लिव ना, तो बैल त्यायचा कधी नव्हताच. त्या महिन्यात पहिल्यांदा ते थोडे हसले. मला वाटलं, सुटलो.

वेबसाइट परत आली त्या दिवशी मी त्यांना दुकानात बोलावलं. बटणं गेली होती. सगळ्या भिंती होत्या. काका एकेक फोटो बघत होते, गावाचं नाव पुटपुटत होते. शेवटी पुन्हा पहिल्या पानावर आले. वर त्यांच्या हातचं नाव, लाल अक्षरं, काळी सावली.

"हे काढ," म्हणाले.

मला वाटलं, बैल काढ म्हणताहेत. म्हटलं, काका, परवानगी मिळालीय आपल्याला.

"बैल राहू दे. नाव काढ."

मी हादरलो. खूप बोललो. म्हटलं, निकालाचा कागद मोठा करून दुकानावर चिकटवतो, पेपरवाल्याकडं जातो, त्या शेतकऱ्याच्या घरी परत जाऊन सांगतो. शेतकऱ्याच्या घरी मी आधीच जाऊन आलो होतो, तो हो हो म्हणाला होता आणि त्याचे डोळे दुसरीकडं होते. काकांनी माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मग इतकं सावकाश बोलले, की मला अजून शब्द न् शब्द आठवतो.

"गड्या, भितीवर एक डाव काळं बसलं ना, त्याच्यावर कितीबी पांढरं मार, दुसऱ्या पावसाळ्यात खालचं वर येते. मी जलमभर पुसलं हाय, मले माईत हाय. आता माहं नाव कोनी वाचलं, तं त्याले बियाणंच आठवन. भिती चांगल्या हायेत. त्यायले माह्या नावाचा डाग काऊन लावतं?"

मी नाव काढलं. ते शेजारी बसून होते, निघालं की नाही ते बघत होते. पत्ताही बदलून घेतला, त्यात आता फक्त गावाचं नाव आहे. ज्या कागदावर त्यांनी नाव लिहिलं होतं तो मी परत दिला, तर म्हणाले, ठेव तुह्याजवळ, मले काय करायचा.

त्यांनी मला गाळा सोडायला सांगितलं नाही. कधी टोमणा मारला नाही. चहा यायचा, ऊन बघणं परत सुरू झालं, रोहिणखेडची गोष्ट मात्र परत सांगितली नाही. तीन वर्षं तसेच ओट्यावर बसायचे, आणि मग एका हिवाळ्यात आठ दिवसांच्या तापात गेले.

महिन्याभरानं मी काकूंना विचारलं, की आता लावू का नाव परत? आता कोण काय म्हणणार आहे? त्या गहू निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "त्यायनं काढाले लावलं होतं ना, भाऊ? मंग ते नाईत म्हनून आपुन लावायचं का?" 

वेबसाइट चालू आहे. पुण्या-मुंबईचे, बाहेरच्या देशांतलेसुद्धा लोक बघतात, चित्रकलेची पोरं त्यावर निबंध लिहितात, आणि सगळे एकच विचारतात, हा पेंटर कोण? मी लिहितो, मेहकरचे होते. नाव मला पाठ आहे, त्यांच्या हातचा कागद माझ्या गल्ल्याच्या खणात आहे. पण ते कोणाला सांगायचा अधिकार मी त्या दुपारी घालवला, नोटिशीतला एकच मुद्दा वाचून दाखवला तेव्हा. म्हणून ते इथंही लिहिलेलं नाही.